तहकूब मोटार

मोटारींचे जे अनेक प्रकार कारखानदार आपल्या सचित्र माहितीपत्रकांत वर्णितात, त्यांत एका प्रकाराचा उल्लेख कधीच आढळत नाही. आणि तो म्हणजे रस्ता मोकळा असताना, हवा प्रसन्न असताना आणि मालकाने शेजारी बसलेल्या पाहुण्यांपाशी तिची नुकतीच तारीफ केलेली असताना, काहीएक कारण न दाखविता आपले कामकाज तहकूब करणारी मोटार. जी मोटार सकाळी मुळी सुरूच होत नाही, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. तिची भूमिका निःसंदिग्ध असते. ती मालकाला घरापासून दूर नेऊन दगा देत नाही. मालक मुकाट्याने रिक्षा करून कचेरीत जातो, सायंकाळी मिस्त्री येतो, आणि तिचा रोग त्याच जागी, त्याच अवस्थेत, जसाच्या तसा हजर असतो. तहकुबीच्या स्वभावाची मोटार मात्र भर रस्त्यात थांबते, पंधरा-वीस मिनिटांच्या अवधीत मालकाची प्रतिष्ठा, इस्त्रीचे कपडे आणि गृहसौख्य या तिन्हींची यथास्थित वासलात लावते, आणि मग काही घडलेच नाही अशा आविर्भावात पहिल्याच चावीला पूर्ववत चालू लागते. कोर्टात तहकुबी मिळाली तर पुढची तारीख तरी पडते. येथे ती सोयही नाही.

असली एक मोटार माझ्या पदरी पडली होती. तिचे कुलगोत्र मी सांगत नाही, कारण तिच्या भावंडांनी माझे काही वाकडे केलेले नाही. ज्या काळी नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मुलाच्या मुंजीत नोंदविलेली गाडी त्याच्या लग्नाच्या वरातीला मिळाली तरी लोक मालकाला भाग्यवान समजत, त्या काळी मी ती एका सद्गृहस्थाकडून जुनी म्हणून खरेदी केली. "गाडीनं मला कधी एका पैचा त्रास दिला नाही," असे ते शपथपूर्वक म्हणाले, आणि ते खरेही होते. कारण मागाहून कळले की, ते तिला घरापासून मंडईपर्यंत नेत व मंडईपासून घरापर्यंत आणीत, आणि विक्रीच्या आधी तिला नखशिखान्त नवा रंग देण्यापलीकडे त्यांनी तिच्या खासगी आयुष्यात कधी ढवळाढवळ केली नव्हती.

पुणे शहराच्या हद्दीत माझ्याकडेही तिचे वर्तन आदर्श होते. लक्ष्मी रस्त्यावरील सायकलींच्या लोंढ्यातून ती तक्रार न करता वाट काढी. शाळा, दवाखाना, सासुरवाडी, कोठेही जाण्यास तिची हरकत नसे. पण तीच गाडी टाकी गच्च भरून मुंबईच्या रस्त्याला लागली की देहूरोडपर्यंत उल्हसित, तळेगाव येईतो विचारमग्न, आणि वडगाव-कामशेतच्या दरम्यान पूर्णतः निवृत्त होत असे. साताऱ्याच्या बाजूस गेलो तर खंबाटकीचा घाट दिसू लागताच तिला हाच साक्षात्कार होई. मग मी खाली उतरून बॉनेट उघडी. मोटारीच्या अंतरंगाचे माझे ज्ञान बेताचे. त्यातला रेडिएटर तेवढा मला ओळखता येई, तोही त्यातून वाफ येत असेल तरच. परंतु गाडी थांबल्यावर बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, आतील वस्तूंकडे गंभीर मुद्रेने पाहणे हा मोटारमालकाचा आवश्यक संस्कार असल्यामुळे तो मी यथाविधी पार पाडीत असे.

ज्या उस्तादांच्या गॅरेजात मी प्रथम फिर्याद दाखल केली, त्यांनी हातातला पाना खाली ठेवून मूलगामी प्रश्न विचारला, "झटके देत देत बंद पडते, की एकदम?" या प्रश्नाचे मर्म पुढे माझ्या ध्यानात आले. पेट्रोलचा पुरवठा आटला तर गाडी आचके देत देत प्राण सोडते. विजेचा प्रवाह तुटला तर एका क्षणात, निरोपही न घेता. म्हणजे या एका जबाबावर निम्मा तपास पुरा होणार होता. मी म्हणालो, "झटके देत." पत्नी म्हणाली, "छे, एकदम!" मागच्या सीटवर बसणाऱ्या चिरंजिवांची जबानी अशी पडली की, गाडी आधी बंद पडते आणि झटके नंतर बाबा देतात. उस्तादांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि निमूटपणे पाना पुन्हा उचलला.

मग रीतसर तपासणी झाली. प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या अंगाजवळ धरताच निळी ठिणगी तडतडली. "करंट फर्स्ट क्लास," उस्ताद म्हणाले. कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून स्टार्टर मारताच पेट्रोलची चिळकांडी थेट त्यांच्या सदऱ्यावर उडाली. "पेट्रोल फर्स्ट क्लास." हवा तर सर्वत्र असतेच. हवा, पेट्रोल आणि ठिणगी या त्रयीवर मोटार चालते. ही त्रयी फर्स्ट क्लास असताना जो इसम आपली मोटार चालत नाही असे म्हणतो, तो साहजिकच संशयित ठरतो. "साहेब, तुम्ही असं करा," उस्ताद मवाळपणे म्हणाले, "गाडी बंद पाडून आणा. मग बघतो."

बंद पडलेली गाडी चालवीत आणण्याची विद्या अवगत नसल्यामुळे मी उलट उस्तादांनाच गाडीत घालून कामशेतकडे निघालो. महिनाअखेर असल्यामुळे त्या दिवशी टाकीत पेट्रोल जेमतेमच होते. तळेगाव आले, वडगाव आले, कामशेत आले. गाडी अशी धावली की तिचा धनी म्हणून मला अभिमान वाटावा, आणि अभिमान वाटतो आहे याची शरम वाटावी. लोणावळ्यास उस्तादांनी माझ्या खर्चाने भजी खाल्ली, घरच्यांसाठी चिक्की घेतली आणि परतताना "मॅडमला सांगा, गाडी एक नंबर आहे," असा अभिप्राय दिला. परीक्षकासमोर सद्वर्तनी राहण्याची ही कला यंत्रांना कोण शिकविते हे मला अद्याप उलगडलेले नाही. अलीकडे मोटारींत संगणक बसवितात, म्हणून हा प्रकार संपला असेल असे वाटले होते. पण माझ्या पुतण्याच्या नव्या गाडीतला क्रँकशाफ्टचा सेन्सर तापला की मौन धरतो व थंड झाला की बोलू लागतो, आणि वातानुकूलित गॅरेजातल्या तज्ज्ञांनी तिला लॅपटॉप जोडून पाहिला तेव्हा पडद्यावर 'दोष आढळला नाही' एवढीच अक्षरे उमटली. तात्पर्य, आमच्या उस्तादांचीच परंपरा आता विजेवर चालते.

तरीही उस्ताद व्यवसायाला जागले. निदान न करता रोग्याला परत पाठविणे त्यांच्या तत्त्वात बसेना. "कचरा आहे," ते म्हणाले. "जेटमध्ये कचरा येतो. चालता चालता अडकतो, थांबलं की खाली बसतो." हे विवेचन इतके स्वच्छ होते की कचऱ्याविषयी मला आत्मीयताच वाटू लागली. कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, फ्लोट हलवून पाहिला, सर्व भाग पेट्रोलने धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर मांडून ठेवले; आणि दुसऱ्या दिवशी कामशेतला गाडीने नेहमीच्या जागी विश्रांती घेतली.

कचऱ्याचा पक्ष असा पराभूत झाल्यावर मामला विजेच्या खात्याकडे वर्ग झाला. या खात्याचे प्रमुख एक वायरमन होते व उस्तादांच्या अकलेविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. "त्यांना पेट्रोलशिवाय काही दिसत नाही," असे म्हणून त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले आणि मला पॉइंट नावाची चिमुकली जोडी दाखविली. मोटारीचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या करीत असता ही जोडी मिनिटाला सहा हजार वेळा उघडते व मिटते, आणि दर उघडझापीगणिक बॅटरीच्या बारा व्होल्टांतून कॉइल हजारो व्होल्टांची ठिणगी निर्माण करते, हे ऐकून माझ्या मनात आले की, इतक्या कष्टाचे काम करणाऱ्याने मधूनमधून थांबावे यात नवल नसून, तो पुन्हा कामावर रुजू होतो हेच नवल आहे. वायरमननी पॉलिश पेपरने पॉइंट घासले, फिलर घालून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अशी त्यांची फट नेमून दिली, कंडेन्सर बदलला आणि शेवटी कॉइलला हात लावून म्हणाले, "हिचंच काम आहे. गरम झाली की करंट सोडते, थंड झाली की धरते." नवी कॉइल आली. तीही कामशेतला गरम झाली आणि वीस मिनिटांत थंड झाली.

तिसरा पक्ष आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा. ते स्वतः सायकलवरून येत, त्यामुळे मोटारींचा अभ्यास करण्यास त्यांना भरपूर सवड असे. पेट्रोलमधील हलके अंश पस्तीस-चाळीस अंश उष्णतेलाच उकळू लागतात, इंजिनाच्या धगीने नळीतच त्यांची वाफ होते, आणि पंप बिचारा द्रवाऐवजी वाफ ओढीत बसतो, असे त्यांचे म्हणणे. उपाय दोन होते : पंपावर ओला फडका टाकणे, आणि नळीला लाकडी चिमटे लावून तिची उष्णता काढून घेणे. हा दुसरा उपाय मी केला, परिणामी वाळत घातलेली लुगडी वाऱ्याने शेजारच्या वाड्यात गेली आणि ती परत आणण्याच्या प्रसंगी चिमट्यांच्या अपहाराचा खुलासा मला दोन्ही वाड्यांना द्यावा लागला. ओल्या फडक्याचा गुण मात्र लगेच आला. गाडी थांबली की फडका भिजवून पंपावर ठेवायचा, त्यावर थोडे थोडे पाणी शिंपीत राहायचे, आणि वीस मिनिटांनी चावी फिरवायची; गाडी सुरू! सहकाऱ्यांना मी पेढे दिले. फडका न ठेवताही वीस मिनिटांनी गाडी सुरू होते, ही गोष्ट त्या आनंदाच्या प्रसंगी काढणे सभ्यपणाचे नव्हते.

रस्त्यावर भेटणाऱ्या तज्ज्ञांची गणना येथे विस्तारभयास्तव करीत नाही. उघडे बॉनेट दिसले की आपल्या देशात माणूस थांबतो, तो मदतीच्या भावनेने थांबतो, आणि त्याची मदत बहुधा पूर्ण शब्दरूप असते. ट्रकवाले "डिझेल गाडी घ्यायची होती," म्हणून पुढे जात. बैलगाडीवाले काही बोलत नसत, पण त्यांचे बैल बोलत. एका गुराख्याने गाडीला सर्व बाजूंनी न्याहाळून, "दमली आसंल," एवढेच म्हटले, आणि तोपर्यंत मिळालेल्या सर्व अभिप्रायांत मला तेच सर्वांत शास्त्रशुद्ध वाटले.

आमचे शेजारी, निवृत्त मामलेदारसाहेब, यांनी हे सर्व ऐकून घेतले व प्रकरण आपल्या हाती घेतले. "तुमच्या तपासाला दप्तर नाही," ते म्हणाले, "म्हणून निकाल नाही." त्यांनी चौपदरी नोंदवही आखली : दिनांक, प्रस्थानसमयी टाकीतील पेट्रोल, तहकुबीचे ठिकाण, शेरा. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात नोंदणी, परवाना, विमा या सर्वांची तरतूद आहे, परंतु मोटारीने विनाकारण थांबू नये अशी तरतूद नाही, ही उणीव त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केली. काही आठवड्यांनी त्यांनी मला बोलावून घेतले. "पाहा. टाकी पूर्ण भरलेली, गाडी बंद. टाकी भरलेली, बंद. टाकी तळाला गेलेली, गाडी सुरळीत. अर्थ उघड आहे."

"काय?"

"पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ. जितकं पेट्रोल अधिक, तितकी भेसळ अधिक."

या युक्तिवादात कोठे बोट शिरकविण्यास जागा नव्हती. पुराव्यादाखल टाकीतले पेट्रोल लोणच्याच्या बरणीत काढण्यात आले, पंचनामा झाला, बरणीच्या तोंडाला लाखेची मोहोर लागली, आणि पुढील कारवाई होईतो मुद्देमाल आमच्या स्वयंपाकघरात ठेवण्याचा हुकूम निघाला. परंतु पत्नीने त्या हुकुमाची बजावणी होऊ दिली नाही.

पलीकडच्या आळीतले वैद्यबुवा एकदा सहज म्हणून आले, त्यांनी तापलेल्या बॉनेटवर तीन बोटे टेकली, ती तत्काळ उचलली आणि "वायूचा अवरोध," असे निदान सांगून औषध म्हणून एरंडेल सुचविले. मामलेदारसाहेब मोठ्याने हसले. मीही हसलो, परंतु पुढे वाचनात आले की, पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच घालीत असत, तेव्हापासून वैद्यबुवांसमोर हसताना मी थोडा जपून हसतो.

या सर्व पक्षांहून निराळा पक्ष माझ्या आत्याचा. मोटार पेट्रोलवर चालते, याव्यतिरिक्त मोटारीसंबंधी कोणतीही माहिती तिला नव्हती, व ती मिळविण्याची इच्छाही नव्हती. त्यामुळे गाडी थांबली की तिचे निदान तयार असे.

"अरे, पेट्रोल संपलं असेल. टाकी उघडून बघ की जरा."

"आत्या, सकाळीच टाकी भरली आहे."

"सकाळी मीही जेवले होते. म्हणून आता भूक लागू नये की काय?"

गाडीतला पेट्रोलचा काटा पूर्वीच्या मालकाच्या कारकिर्दीतच अर्ध्यावर समाधिस्थ झालेला असल्यामुळे आत्याची खात्री पटविण्याचा एकच मार्ग होता. मी मागे जाऊन टाकीचे झाकण उघडी, आत लांब काडी बुडवी आणि ती ओलीचिंब काडी आत्याच्या डोळ्यांसमोर धरी. "बरं बाई," ती म्हणे, "आहे म्हणायचं. आता लाव झाकण आणि चालव." आणि मी बसून चावी फिरवावी, तो गाडी त्या क्षणी सुरू! वीस मिनिटे नाहीत, फडका नाही, काही नाही. हे एकदा घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण आत्या गाडीत असली की दरवेळी हेच. घरात तिच्या पायगुणाचा बोलबाला झाला. कोठे दूर जायचे असले की आधी आत्याची तारीख घ्यावी लागे. तिच्या एकादश्या, तिचे कीर्तन, तिच्या गुडघ्यांचे दुखणे यांतून सवड मिळाली तरच प्रवास निघे, आणि पुढची खिडकीची जागा हा तिचा वतनी हक्क होऊन बसला. मामलेदारसाहेबांनी नोंदवहीत 'आत्याबाई हजर अथवा गैरहजर' असा पाचवा रकाना आखला. पण तो भरताना बुद्धिवादी माणसाच्या चेहऱ्यावर जी व्यथा दिसावी, ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

अशा काळात कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था यांची हकिकत माझ्या वाचनात आली आणि मला पराकाष्ठेचा मत्सर वाटला. 1888 च्या ऑगस्ट महिन्यात या बाई, पतिराज निजलेले असताना, दोन मुलांना बरोबर घेऊन नवऱ्याने बनविलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरगावी शंभराहून अधिक किलोमीटर घेऊन गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली; ठिणगीची तार उघडी पडली, ती मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली; इंधन सरले, ते वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले. जगातील मोटारीचा तो पहिला दूरचा प्रवास, आणि इतके बिघाड होऊनही त्या संध्याकाळी माहेरी पोहोचल्या. लोक त्यांच्या धैर्याची व हिकमतीची प्रशंसा करतात. मला त्यांच्या भाग्याचे कौतुक वाटते. मोटार ही काय वस्तू आहे हे त्या रस्त्यावर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सल्ला देण्यास कोणी थांबले नाही, आणि ज्यांना ठाऊक होते ते गृहस्थ घरी निजले होते.

आमच्या प्रकरणाचा निकाल लागला तो कोणाच्याही बुद्धीने नव्हे. साताऱ्याहून येताना टाकी भरून घेतली होती, आत्या कीर्तनास गेल्यामुळे गैरहजर होती, आणि गाडीने पहिल्यानेच चूक करून स्वारगेटच्या अलीकडे, उस्तादांच्या गॅरेजापासून हाकेच्या अंतरावर, प्राण सोडला. चार हमालांनी तिला ढकलीत दारात आणून सोडली. उस्तादांनी बॉनेटमध्ये डोके घातले आणि आतूनच, गॅरेजातल्या सर्वांत धाकट्या पोराला, त्याला काहीतरी काम असावे म्हणून, फर्मावले, "पोऱ्या, पेट्रोल आहे का बघ." पोऱ्या मागे गेला. झाकण फिरविताच 'सुस्स' असा दीर्घ आवाज झाला आणि टाकीचा पत्रा आतून 'टण्ण' वाजला.

"उस्ताद," पोऱ्या ओरडला, "टाकी हवा पितीया!"

झाकणाला एक बारीकसे भोक असते. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते, तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. आमच्या गाडीच्या झाकणाचे भोक नखशिखान्त दिलेल्या रंगाखाली गडप झाले होते. हवा आत येईना, टाकीत पोकळी वाढे, आणि शेवटी पंपाचा जोर हरला की गाडी थांबे. मग जुन्या वॉशरच्या फटीतून हवा कशीबशी शिरली की वीस मिनिटांनी पुन्हा चाले. गच्च भरलेल्या टाकीत मुळात हवाच थोडी, म्हणून तेथे पोकळी लवकर. महिनाअखेरीस टाकीभर हवाच, म्हणून गाडी सरळ लोणावळ्यापर्यंत. पोऱ्याने सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीच्या जागी लावलेली सेफ्टी पिन काढली, भोक मोकळे केले, झाकण डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिले, आणि पिन पुन्हा सदऱ्याला लावून तो चहा आणायला गेला.

आता सर्व पक्ष खजील होतील अशी माझी कल्पना होती, आणि या कल्पनेवरून मला मनुष्यस्वभावाची किती माहिती होती ते कळावे. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कचरा आहे," उस्ताद म्हणाले, "भोकात काय, जेटमध्ये काय, कचरा तो कचरा." वायरमन म्हणाले की भोकाचे सोडा, पण कॉइल बदलली नसती तर गाडी आणखी लवकर बंद पडली असती. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी पंपाला पेट्रोल मिळत नाही हे आपण सर्वांआधी सिद्ध केले होते याची आठवण दिली. मामलेदारसाहेबांनी वही उघडून, भरलेली टाकी व बंद गाडी यांचा संबंध कोणी शोधला असा सवाल केला. भेसळीचा मुद्दा त्यांनी मागे घेतला नाही, फक्त पुढील सुनावणीसाठी राखून ठेवला. वैद्यबुवा काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसती तीन बोटे वर केली, आणि 'वायूचा अवरोध' हे शब्द आम्हा सर्वांना आपोआप ऐकू आले. आत्याला मी भोकाचे तत्त्व समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "ते असेल रे बाबा. पण टाकी उघड, टाकी उघड, असं सांगत कोण होतं?"

गाडी बरी झाल्याचा आनंद साजरा करावा म्हणून मुंबईच्या एका लग्नास मी मामलेदारसाहेब, वैद्यबुवा आणि आत्या यांना घेऊन गेलो. टाकी मुद्दाम गच्च भरली होती. देहूरोडपर्यंत गप्पा रंगल्या. तळेगावनंतर त्या मंदावल्या. मामलेदारसाहेबांनी वही गुडघ्यावर उघडली होती.

"कामशेत आलं का?"

"आलं."

"आणि?"

"गेलं."

त्यांनी टाक बंद करून खिशात ठेवला. वैद्यबुवा खिडकीबाहेर पाहू लागले. आत्या दोनदा म्हणाली, "पेट्रोल असेल ना रे?" पण तिच्या आवाजात पूर्वीची धमक नव्हती. जाताना घाट उतरलो, मुंबईत लग्न झाले, परतताना खोपोली मागे टाकून घाट चढू लागलो, तरी गाडी कोठे शिंकलीसुद्धा नाही. आणि आत अशी उदासीनता पसरली की लग्नघरून येत आहोत असे कोणास वाटू नये.

या घाटातला गाडीरस्ता 1830 साली सर जॉन माल्कम यांनी खुला केला, आणि घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखविली असे परंपरा सांगते. त्याच्या देवळापाशी वाहने थांबवून नाणे टाकण्याची चाल आहे. मीही थांबलो. नाणे टाकून वळतो तो मामलेदारसाहेब उतरून बॉनेटपाशी उभे. "थांबलोच आहोत, तर जरा पाहून घेऊ," ते म्हणाले. बॉनेट उघडले गेले. वैद्यबुवांनी बोटे टेकविली. आत्या मागे जाऊन टाकीजवळ उभी राहिली. सर्वांच्या चेहऱ्यांवर तेज परतले. तेवढ्यात मागून आलेली एक मोटार कचकन थांबली, तीतून एक अपरिचित गृहस्थ उतरले, कोणी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी बाह्या सरसावून बॉनेटमध्ये डोके घातले आणि निर्णय दिला, "कॉइल!"

"शक्य नाही," मामलेदारसाहेब म्हणाले, "माझ्याकडे दप्तर आहे."

"माझी हीच गाडी होती. पाच वर्षं!"

"वायूचा विचार केलात का?" वैद्यबुवांनी शांतपणे विचारले.

आणखी दोन गाड्या थांबल्या. एक ट्रक थांबला. बाजूला उभा राहून मी काही वेळ ऐकले, मग गाडीत जाऊन बसलो आणि चावी फिरविली. इंजिन पहिल्याच हाकेला गुरगुरून सुरू झाले. त्यासरशी मामलेदारसाहेबांनी बॉनेटमधून डोके वर काढले आणि संतापाने ओरडले, "अहो, बंद करा ते आधी! इथं बोललेलं एक अक्षर ऐकू येत नाही."